ॲगमार्क घ्यावा की न घ्यावा?



आपल्यातील काही घरांतून हळद-तिखट दळून विकण्याचा धंदा चालतो. त्यास ॲगमार्क घ्यावा काय, असे आम्हांस पुष्कळदा विचारण्यात येते. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी वा परवाना सक्तीचाच. तेथे विचारास जागा नाही. १९३७ च्या कायद्यान्वये मिळणारा ॲगमार्क मात्र मसाल्यांस ऐच्छिक आहे. दाखला हाती आला म्हणजे भागले असे नव्हे. पुढे मालाच्या खेपांचे नमुने मान्य प्रयोगशाळेत तपासावे लागतात, आणि तो खर्च चालूच राहतो. ओळखीच्या चार आळ्यांतच माल खपत असेल, तर त्यात भगिनींच्या कष्टाचा नफा बुडेल. (नित्याचे गिऱ्हाईक मुद्रा पाहत नाही, हळदीचा वास घेते!) परगावी अनोळखी दुकानदारास माल द्यावयाचा, तर गोष्ट वेगळी, तेथे मुद्रेचा उपयोग आहे. तेव्हा आधी मागणी पाहावी. शेजाऱ्याच्या पाकिटावर मुद्रा दिसली, एवढ्यावरून कोणी दागिने गहाण ठेवावेत, हे आम्हांस मुळीच मान्य नाही.