परक्याला आसरा देणारें कॉफीगृह

अमरावती-अकोल्याचा कापूस एके काळीं मुंबई बंदरांतून जपानांत जात असे. १८९३ सालीं जमशेटजी टाटांच्या साह्यानें जपानी आगबोटींचा मुंबई-कोबे मार्ग सुरू झाला, तो मुख्यतः कापसासाठींच. कापसाला तेथें ओळखदेख लागली नाहीं. माणसाला मात्र लागते. वऱ्हाडांतून प्रथमच टोकियोस जाणाऱ्या मनुष्याला ना तेथील भाषा येते, ना दुकानांवरच्या पाट्या वाचतां येतात. अशा वेळीं गल्लींतलें एखादें लहानसें ‘किस्सातेन’ त्याला आधार देतें.

या नांवाचा अर्थ चहा पिण्याचें दुकान. पण तेथें मान कॉफीचा. टोकियोंत असें पहिलें कॉफीगृह १८८८ सालीं उएनो भागांत निघालें. वर्तमानपत्रें, पुस्तकें व बिलियर्डचें टेबलही तेथें होतें. मालक थोड्याच वर्षांत बुडाला. प्रथा मात्र रुजली. आजही दार उघडतांच ‘इराशाइमासे’, म्हणजे ‘यावें’, असें स्वागत होतें. न मागतां पाणी व हात पुसावयास ओला रुमाल येतो. मालक सावकाश कॉफी गाळतो, पेला पुढें ठेवतो व बाजूस होतो. वर बक्षिसी देण्याची चाल नाहीं. आपल्याकडे पाहुण्याला ‘आणखी घ्याच’ म्हणून आग्रह करतात. तेथें त्याला स्वस्थ बसूं देणें हाच त्याचा मान समजतात.

परंतु हें केवळ गिऱ्हाइकाशीं गोड वागण्याचें कसब आहे काय? १९१५ सालची एक हकीकत याचें उत्तर देते. ब्रिटिशांचा ससेमिरा चुकवून रासबिहारी बोस जपानांत पोहोंचले होते. जपानची तेव्हां इंग्लंडशीं मैत्री होती. सरकारनें त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. शिंजुकूंतील ‘नाकामुराया’ या पावाच्या दुकानाचे मालक सोमा आइझो व त्यांची पत्नी कोक्को यांनीं त्यांना दुकानामागील खोलींत लपविलें. पुढें हुकूम मागें घेतला गेला. १९१८ सालीं सोमांची कन्या तोशिको हिचा रासबिहारींशीं विवाह झाला. १९२५ सालीं ती निवर्तली. त्यानंतर दोन वर्षांनीं त्याच दुकानानें चहा-कॉफीचें दालन उघडलें, आणि रासबिहारींनीं शिकविलेला हिंदी पद्धतीचा कोंबडीचा रस्सा व भात तेथें वाढला जाऊं लागला. तो आजही मिळतो.

टोकियोंत कॉफीच्या पेल्यासमोर बसणाऱ्या वऱ्हाडी प्रवाशानें ही हकीकत आठवावी. आणि घरीं परतल्यावर, अमरावती-अकोल्याच्या स्टेशनावर उतरून पाट्यांकडे गोंधळून पाहणारा परका दिसला, तर त्याला आधीं बसावयास जागा द्यावी.