दंतवैद्यकीय व्यवसाय आणि नीती



डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली ज्या कोलकात्यात भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन केले, त्याच नगरीत मंडळाने आम्हां दंतवैद्यांस बोलावयास सांगितले, याबद्दल आम्ही ऋणी आहोत.

रुग्णास स्वतःची दाढ दिसत नाही. ती आम्हांस दिसते. आमच्या व्यवसायातील नीतीचा प्रश्न या विषमतेतूनच उद्भवतो. ‘दाढ किडली आहे’ हे आमचे म्हणणे त्याला पडताळता येत नाही. आणि घासून काढलेले दंतकवच पुन्हा वाढत नाही, उपटलेला पक्का दात पुन्हा येत नाही.

१९४८ च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदणी आली, १९७६ साली आचारसंहिता आली, २०१४ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली. परंतु दवाखान्याच्या बंद दाराआड कायदा डोकावत नाही; तेथे सदसद्विवेकच साक्षीला असतो. म्हणून क्ष-किरण चित्र रुग्णास दाखवावे, दात वाचविण्याचा मार्ग व खर्च आधी सांगावा, आणि त्याच्या संमतीनेच पक्कड हाती घ्यावी. उपचाराची गरज नसेल, तर तसे स्पष्ट सांगणे हीदेखील आमची विद्याच होय. त्या सल्ल्याचे शुल्क अवश्य घ्यावे. अनावश्यक कॅपचे मात्र कदापि घेऊ नये.