दोनशे पंचेचाळीस आले कुठून?



नापास होण्याचा विषय निघाला की आम्हा उज्जैनकर मराठी माणसांना हमखास कवी गजानन माधव मुक्तिबोध आठवतात. घरात मराठी, लेखणीत हिंदी. हे मुक्तिबोध १९३० साली इथेच, उज्जैनला, मिडलच्या परीक्षेत नापास झाले. पुढे याच गावात, दौलतगंजातल्या शाळेत ते मास्तर झाले, ही गंमत वेगळीच. पण त्या बारा-तेरा वर्षांच्या पोराला 'नापास' या शब्दातून काय कळलं असेल? घोडं नेमकं कुठे अडलं, हे त्या शब्दात नसतंच.

मी उज्जैनच्या फ्रीगंजात वर्षानुवर्षं चौथी-पाचवीला गणित शिकवलं. एकदा वजाबाकी दिली होती: ३०२ वजा १४७. एका मुलीचं उत्तर आलं २४५. मी लाल फुली मारली, शून्य दिलं आणि पुढची वही ओढली. दुसऱ्या दिवशी तिचं पुन्हा तसंच. मग तिला टेबलाशी बोलावलं आणि म्हटलं, "कसं केलंस, ते मला शिकव."

ती म्हणाली, "मॅडम, दोनातून सात जात नाहीत. म्हणून सातातून दोन काढले. शून्यातून चार जात नाहीत, म्हणून चारातून शून्य."

म्हणजे ती निष्काळजी नव्हती. तिने मनाशी एक नियम ठरवला होता आणि तो इमानेइतबारे पाळला होता. आणखी थोडं विचारल्यावर कळलं, घरी आजी 'हातचा' म्हणते आणि शाळा हिंदी माध्यमाची, तिथे मी म्हणते 'उधार'. तिच्या लेखी ही दोन निरनिराळी गणितं होती! माझ्या लाल फुलीला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून वह्या तपासायची माझी रीत बदलली. वर्गात चाळीसच्या वर मुलं, प्रत्येकाच्या वहीत पानभर लिहायचं म्हटलं तर रात्र पुरायची नाही. म्हणून मी वह्यांचे गठ्ठे पाडू लागले, गुणांप्रमाणे नाही, चुकीप्रमाणे. उलटी वजाबाकी करणाऱ्यांचा एक, पाढा चुकणाऱ्यांचा दुसरा, प्रश्नच नीट न वाचणाऱ्यांचा तिसरा. हा तिसरा नेहमी सगळ्यांत जाड! दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं त्या गठ्ठ्यांसाठी. कधी नुसतं लिहायचं, "या पाच वजाबाक्यांत दोन चुकल्या आहेत, शोधून काढ."

इस्रायलमधल्या रूथ बटलर यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारली ती फक्त शेरा मिळालेली मुलं. दोन्ही मिळालेली मुलं नुसते गुण मिळालेल्यांहून सरस ठरली नाहीत. मला याचं नवल वाटलं नाही. आकडा दिसला की मूल शेजारच्याच्या वहीत डोकावतं, शेरा राहतो वाचायचा.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन आलं. महाराष्ट्रात त्यातल्या वर्षभर चालणाऱ्या भागाला 'आकारिक मूल्यमापन' हे छान नाव मिळालं. पण बऱ्याच ठिकाणी शिक्षकाच्या वाट्याला आले ते रकाने. मूल राहिलं बाजूला, पत्रकं मात्र वेळेवर! आता आमच्या मध्य प्रदेशात पाचवी-आठवीला बोर्डाच्या धर्तीवर परीक्षा परत आली आहे. परीक्षा असायला माझी हरकत नाही. पण मार्चमध्ये कळलेली चूक दुरुस्त कधी करणार? तिचा दिवस ऑगस्टमध्येच येऊन गेलेला असतो.

वहीत गुणांऐवजी नुसता शेरा का, हे पालकांना पटवणं तर आणखी कठीण. टॉवर चौकात भाजी घेताना एक गृहस्थ अडवून म्हणाले, "मॅडम, कॉपी में नंबर क्यों नहीं हैं?" मी सांगितलं, खाली मी काय लिहिलंय ते वाचा. त्यांनी वाचलं होतं म्हणे, पण नंबर हवाच होता.

ती मुलगी? पंधरा दिवसांनी तिला ५०० वजा १३८ दिलं. उत्तर आलं ३७२. चुकलंच, पण चूक नवी होती. हातचा घेतला होता, मात्र वाटेत दशकाच्या घरातून एक कमी करायचा राहिला होता. मी खाली लिहिलं, "दशकाच्या घरात आता किती उरले?" तिने वही तिथेच उघडली, बोटं मोजली आणि सातावर खोडरबर फिरवलं.