आमच्या गॅलरीपुढून जाणारी गाडी

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मागे एकदा याच जागी उभी राहून मी मुगाच्या सांडग्यांवर बोलले होते. त्या वेळी पाय लटपटले नाहीत, कारण सांडगे मला येतात. आज मात्र विषय मेट्रोगाडीचा आहे आणि माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. "इंजिनिअर लोकांच्या कामात तू कशाला तोंड घालतेस?" असे आमच्या घरीच विचारून झाले आहे. पण गाडी जाणार ती आपल्या गॅलरीपुढून. तेवढ्यापुरते बोलायचा मला हक्क आहे असे समजून मी उभी आहे. काही चुकले तर सांभाळून घ्या.

पावसाळ्यापूर्वी आपल्या रस्त्यावर चुन्याच्या खुणा पडल्या, त्या तुम्ही सर्वांनी पाहिल्या. आठवड्याभरात कळले की खांब उभारून वरून गाडी नेणार. लगेच आपल्यापैकी काहीजणींनी अर्ज लिहिला. "गाडी जमिनीखालून न्या, नाहीतर आम्हाला ती मुळीच नको," असा त्याचा मजकूर. त्यावर तिसरी सही माझी होती. पुढे मीच जाऊन ती खोडली. तेव्हापासून दोघी-तिघी मैत्रिणी जिन्यात भेटल्या तर मान वळवून जातात. त्यांचा राग मला समजतो. सही का केली आणि का खोडली, हे दोन्ही आज सांगते.

सही केली ती भीतीने. आमची गॅलरी दुसऱ्या मजल्यावर. शेजारच्या वहिनी आणि मी रात्री रस्ता रिकामा झाल्यावर शिवणाची टेप घेऊन खाली उतरलो. आमच्या कठड्याच्या बरोबर खालून मधल्या खुणेपर्यंत मोजले, ते तेहतीस फूट भरले. पूल काही खुणेएवढा अरुंद असणार नाही. दोन रूळ, त्यांचे कठडे, म्हणजे दोन्ही बाजूंना पंधरा-सोळा फूट पसरणारच. उरले सतरा-अठरा फूट. तेवढ्या अंतरावरून दिवसभर गाड्या जाणार आणि आतली माणसे आमच्या घरात कोण जेवते, कोण झोपले आहे ते बघत जाणार. माझी नणंद उपनगरात अशाच एका उंच मार्गाशेजारी राहते. तिने पहिल्या महिन्यात पडदे घेतले आणि दुसऱ्या महिन्यात खिडकी बंद करून पंखा घेतला.

आणि आपल्या पापडांचे काय? मंडळाचा पापडउद्योग चालतो तो पुढच्या बाजूच्या सहा गॅलऱ्यांतल्या उन्हावर. हिवाळ्यात ऊन आधीच तिरपे असते. मधे पूल आला की त्याची सावली कुणाच्या गॅलरीत किती वेळ पडेल, हे कोणत्याही नकाशात दाखवलेले नाही. पापडाच्या पैशांवर आपल्यातल्या चारजणी मुलांची फी भरतात. त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आता सही का खोडली ते ऐका.

आमचे चिरंजीव रोज लोकलने जातात. डब्याच्या आत जागा मिळाली तर तो दिवस भाग्याचा. मुंबईच्या लोकलमार्गांवर २०२४ या एका वर्षात जवळजवळ अडीच हजार माणसे मेली. कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून पडून. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसे पडली, त्या दिवशी मुलाचा फोन लागेपर्यंत मी देवापुढून उठले नव्हते. आपण सगळ्याच आया आहोत, अधिक सांगायला नको. तेव्हा "नाहीतर आम्हाला ती नको" हे शब्द त्या अर्जात माझ्या सहीने जावेत, हे मला सोसेना. गाडी मला हवी आहे.

मग ती जमिनीखालूनच का नको? तर पैशामुळे. मुलाने मला आकडे काढून दिले आणि मी वहीत मांडले. दहिसरहून अंधेरीकडे जाणारे दोन उंच मार्ग, २ए आणि ७, हे २०२२ आणि २०२३ मध्ये सुरू झाले. दोन्ही मिळून सुमारे ३५ किलोमीटर आणि मंजूर खर्च सुमारे साडेबारा हजार कोटी. म्हणजे किलोमीटरला साडेतीनशे कोटींच्या आसपास. कुलाबा-वांद्रे-सीप्झ हा तिसरा मार्ग जवळजवळ सगळा जमिनीखालून गेला आहे. लांबी साडेतेहतीस किलोमीटर, म्हणजे या दोघांपेक्षा थोडी कमीच. पण खर्च गेला सदतीस हजार कोटींच्या वर. किलोमीटरला अकराशे कोटी. एका भुयारी रस्त्याच्या पैशांत तीन उंच रस्ते! अर्थात सगळा फरक खोदण्याचाच नव्हे. या मार्गाचा पहिला अंदाज २३,१३६ कोटींचा होता. मग कारशेडचा वाद, कोर्टकचेऱ्या, करोना, यांत वर्षे गेली आणि किंमत वाढली. घरातले रंगकाम लांबले तरी आपला हिशेब कोलमडतो, हे तर अख्ख्या शहराखालचे काम.

आपल्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाई पहाटे दोन गाड्या बदलून येतात. त्यांच्या वस्तीकडे जाणारा मार्ग अजून कागदावरच आहे. आपल्या रस्त्याखाली तिप्पट पैसा पुरला, तर त्यांची पाळी आणखी किती वर्षांनी येईल? मी हे त्यांना विचारले नाही. विचारायची लाज वाटली.

शिवाय भुयार म्हणजे वरच्यांना त्रास नाही, हाही आपला गैरसमज आहे. तिसरा मार्ग पूर्ण झाला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये. दिवाळीनंतर मी सासूबाईंना घेऊन सिद्धिविनायकाहून गिरगावला गेले. सासूबाईंचे माहेर गिरगावचे. ३१ मार्च १९६४ ला मुंबईची शेवटची ट्राम धावली तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. ट्रामचा खडखडाट त्यांना अजून ऐकू येतो म्हणतात. सरकत्या जिन्याला मात्र त्या घाबरल्या, म्हणून आम्ही लिफ्टने उतरलो. आत गारवा, स्वच्छता, सगळे छान. वर आल्यावर त्या ओळखीची घरे शोधू लागल्या आणि काही सापडेनात. गिरगाव-काळबादेवीचा रस्ता इतका अरुंद की वरून पूल नेणे शक्यच नव्हते, तिथे भुयारच योग्य होते. पण स्टेशनला जिने हवेत, हवेच्या वाटा हव्यात, त्यांना जागा लागते. त्यासाठी जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. कुटुंबांना तिथेच पुन्हा घरे द्यायचे ठरले, पण तोवर बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जावे लागले. साठ वर्षांचा शेजार असा मोडला की नवी भिंत बांधून तो परत येत नाही, असे सासूबाई परतीच्या गाडीत म्हणाल्या. मग वांद्र्यापर्यंत कुणीच बोलले नाही. (उतरायचे स्टेशनही आम्ही चुकलो, ते वेगळेच!)

कलकत्त्याची हकिगत याहून वाईट. २०१९ च्या ऑगस्टअखेरीस तिथे बहूबाजार भागात भुयार खणणारे यंत्र जमिनीखालच्या पाण्याच्या थराला लागले. पाणी आणि गाळ आत घुसला, वरची जमीन खचली, जुनी घरे तडकली, काही कोसळली. शेकडो माणसांना नेसत्या वस्त्रांनिशी हॉटेलात जाऊन राहावे लागले. ती गाडी तिथून धावली २०२५ च्या ऑगस्टमध्ये. आपली इमारतही काही कालची नाही, आणि आपल्या वाडीतली जुनी विहीर बुजवली तरी खालचे पाणी कुठे गेले असेल?

आवाजाचेही तसेच. तिसऱ्या मार्गाच्या कामाचा आवाज कफ परेडच्या लोकांना सोसेना, तेव्हा २०१७ साली उच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा काम बंद ठेवायला सांगितले. पुढच्या वर्षी ती मनाई उठली. मला दोन्ही बाजू पटतात. माझी मुलगी यंदा दहावीला आहे, रात्री यंत्र धडधडू लागले तर मी स्वतः जाऊन भांडेन. पण रोज आठ तास काम बंद म्हणजे पत्र्यांचे कुंपण आणखी वर्षभर दारात. भाजीवाल्या त्या कुंपणापायी उठल्या की परत यायच्या नाहीत.

तर माझे म्हणणे असे. आपला मुख्य रस्ता रुंद आहे, तिथे गाडी वरून जावी. डेअरीच्या कोपऱ्यापासून देवळापर्यंत तो चिंचोळा होतो. तिथे काय करणार, ते त्यांनी मोजमापे दाखवून सांगावे. खांब मधोमध असोत, पण पदपथ एक बोटभरही कमी होता कामा नये. घरांसमोर आवाज अडवणाऱ्या आणि नजर अडवणाऱ्या भिंती पहिल्या दिवसापासून हव्यात, तक्रारी झाल्यावर नकोत. सावली किती वाजता कुठे पडेल याचा कागद द्यावा. स्टेशनला लिफ्ट दोन्ही बाजूंना हवी, नाहीतर सासूबाईंसारख्यांना रस्ता ओलांडण्यातच जीव मुठीत धरावा लागेल. परीक्षेच्या दिवसांत रात्रीचे खोदकाम बंद. आणि देवळापुढचे दोन गुलमोहोर तोडायचे असतील तर आधी सांगा. २०१९ मध्ये आरे वसाहतीत रात्री अचानक तोड सुरू झाली आणि दोन हजारांवर झाडे पडली, पाहावे तर मोकळे रान. आपल्याकडे तसे नको.

आता काहीजणी म्हणतात, "आधी भुयार मागावे, म्हणजे निदान भिंती तरी मिळतील." बाजारात आपण अशीच घासाघीस करतो हे खरे. पण इथे उत्तर यायला वर्ष लागते, आणि भुयाराला नकार आला की फाइल बंद. भिंतींचे कुणी विचारीतच नाही. ज्यांच्या गॅलऱ्या पुढे आहेत त्यांचे नुकसान माझ्यासारखेच होणार. मागच्या बाजूला राहणाऱ्यांनी "होऊ दे की पूल" असे झटकन म्हणू नये, एवढी विनंती. पापडाचे वाळवण मागच्या गच्चीवर हलवावे लागले तर किल्ली कुणाकडे, हा तंटाही आजच मिटवलेला बरा.

नवा अर्ज मी लिहिला आहे. अक्षर माझे, शुद्धलेखन आमच्या मुलीचे. तो खजिनदारबाईंच्या टेबलावर आहे. जुना अर्जही त्याच्याशेजारी ठेवला आहे. वाचून मग सही करा. येत्या शनिवारी रात्री दहा वाजता डेअरीपासून देवळापर्यंत मोजमाप घ्यायचे आहे. टेप माझी आहे, पण दुसरे टोक धरायला आणि गाड्यांकडे लक्ष ठेवायला पाच-सहा जणी हव्यात. पदर खोचून या आणि बॅटरी आणा, कोपऱ्यावरचा दिवा गेले पंधरा दिवस बंद आहे.