आलापल्ली : सागवानाच्या सावलीतले गाव



ऐतिहासिक गाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बुरूज, वेशी आणि शिलालेख येतात. गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील आलापल्ली त्या अर्थाने कुणाला ऐतिहासिक वाटणार नाही. तेथील इतिहास लाकडात आहे, आणि लाकूड तर गावाबाहेर जाण्यासाठीच तोडले जाते.

हा मुलूख अहेरीच्या जमीनदारीचा. 1858 मध्ये मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाके यांनी गोंड तरुणांची सेना उभारून इंग्रजांना आव्हान दिले. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय अवघे पंचवीस! झाशी-कानपूरचे सत्तावन्न पाठ असणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव विचारून पाहावे. आलापल्लीच्या परिसरात ते विचारावे लागत नाही.

बंड शमले आणि इंग्रजांचे लक्ष सागाकडे वळले. 1878 च्या वनकायद्याने ‘आरक्षित जंगल’ हा शब्द रूढ झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात माडिया-गोंडांनी मोह वेचला, तेथेच आता परवानगीचा प्रश्न आला. पुढे गावाचा दिनक्रम वनखात्याच्या घड्याळावर चालू लागला. कूप पाडणे, ओंडक्यावर हातोड्याचा ठसा उमटवणे, आगारात थप्प्या लावणे, मग लिलाव. ओंडके ओढायला हत्ती असत. कमलापूरच्या हत्तींना पाहायला आज पर्यटक जातात. ते हत्ती मुळात लाकूडकामाचे, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

आलापल्लीचे खरे वैभव तिच्या चौकात आहे. एक वाट सिरोंच्याला, एक एटापल्लीला, एक भामरागडला, तर एक आष्टीमार्गे चंद्रपूरला. बाजारात मराठी, तेलुगू, माडिया कानी पडतात. गावाच्या नावातली ‘पल्ली’ही तेलुगूच. भाषावार तंटे करणाऱ्यांनी येथे एक दिवस काढावा. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून मुडके बांधायचे, ते फळीवर मोजून द्यायचे. वर्षाचा रोकड पैसा बहुधा याच दिवसांतला. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो आणि पलीकडच्या रुग्णाची वाट खुंटते. त्याच रस्त्यावर हेमलकशाला 1973 साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, त्यामागची निकड यावरून ध्यानात यावी. पुढे नक्षलवादाची चार दशकेही याच रस्त्यांनी सोसली.

मार्च 2023 मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील सागवान बल्लारपूरहून अयोध्येच्या श्रीराममंदिरासाठी वाजतगाजत निघाले. या अरण्याच्या वाट्याला आलेला तो मोठा मान होता. पण ज्या हातांनी ही जंगले राखली, त्यांच्या घराच्या दाराला किती साग लागला, हेही विचारले पाहिजे. अलीकडे सुरजागडचे लोहखनिज निघू लागले. 2021 नंतर खनिजाने भरलेले ट्रक याच चौकातून आष्टीकडे धावू लागले. रस्त्यांची चाळण झाली, अपघात झाले, माणसे रस्त्यावर उतरली. रोजगार हवाच, त्याला विरोध करणे हा शहरी चैनीचा विचार आहे. मात्र साग पुन्हा उगवतो, लोखंड उगवत नाही. खाण सरल्यावर तरुणांच्या हाती कोणते कौशल्य उरेल, हे आजच ठरायला हवे.

आलापल्लीच्या वनात सहा हेक्टरांचा एक तुकडा 1953 पासून कुऱ्हाडीपासून दूर ठेवला आहे. त्याला ‘आलापल्लीचे वनवैभव’ म्हणतात. 2014 मध्ये राज्याने त्याला जैवविविधता वारसास्थळ घोषित केले. तेथे साग एकटा नाही. उंच झाडांखाली वेली आहेत, झुडपे आहेत, पडलेली खोडे जागच्या जागी कुजून माती होतात. सभोवतीचे जंगल लिलावात गेले, त्या साऱ्या काळात कुणीतरी हे सहा हेक्टर मोजून बाजूला ठेवले.