फाटकाबाहेरचा शब्द



बोरिवलीहून गोराईला जायचं तर खाडी ओलांडावी लागते. फेरीबोटीनं काही मिनिटांत पलीकडचा धक्का येतो. बोट नको असेल तर भाईंदर-उत्तनवरून मोठा वळसा. गेल्या हिवाळ्यात मी एका मैत्रिणीबरोबर तिकडे निघालो होतो. ती व्हीलचेअर वापरते. आधी फोन केला, तेव्हा तिथल्या एका हॉटेलवाल्यांनी अभिमानानं सांगितलं, ‘‘आमच्याकडे रॅम्प आहे, खुशाल या.’’

रॅम्प होता, आणि चांगला होता. पण आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी लागलेली, बोट धक्क्यापेक्षा बरीच खाली. चार अनोळखी माणसांनी मैत्रिणीला खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं. ती नंतर एवढंच म्हणाली, ‘‘मला उचलून नका रे नेऊ, मला जाऊ द्या.’’

हॉटेलवाल्यांच्या कानावर हे घातलं. ते म्हणाले, ‘‘धक्का आमचा नाही हो!’’

आज मला याच वाक्याविषयी बोलायचं आहे. धंदा करणाऱ्याची जबाबदारी त्याच्या फाटकाशी संपते का?

किर्लोस्करवाडीचं उदाहरण पाहा. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर ही वसाहत उभी केली. तिथे लोखंडी नांगर तयार होत. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. तुरुंगातून सुटून आलेल्यांनाही रखवालीचं काम मिळालं. हे झालं फाटकाच्या आतलं. पण १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याच्या या पत्रकाचं पुढे मासिक झालं आणि त्यातून रूढींवर, अंधश्रद्धेवर परखड लिहिलं जाऊ लागलं. १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक आलं. नांगर विकणाऱ्यांना ही उठाठेव कशाला, गिऱ्हाईक दुखावलं तर, असं म्हणून त्यांना गप्प बसता आलं असतं. पण कामगार संध्याकाळी फाटकाबाहेर पडतो, तो याच समाजात. आत त्याला माणूस म्हणायचं आणि बाहेर जे चाललंय त्यावर मौन धरायचं, ही अर्धीच समता.

अर्थात, आत काही न करता बाहेर बोलणं त्याहून वाईट. महिलादिनी गुलाब वाटायचे आणि रात्रपाळी संपल्यावर घरी सोडायला गाडी द्यायची नाही, याला सामावून घेणं म्हणत नाहीत.

कायदा आज आपल्या बाजूला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. खाजगी आस्थापनांनीही समान संधीचं धोरण जाहीर करावं, असं तो सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे किमान नियम सक्तीचे करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. पण कायदा धक्क्यावर आपोआप उतरत नाही. कुणीतरी मागणी लावून धरावी लागते. माझ्या मैत्रिणीचा एकटीचा अर्ज फायलीत पडून राहील. तोच अर्ज हॉटेलवाले, बोटवाले, दुकानदार यांच्या सह्यांनी गेला, तर साहेबांना तो वाचावा लागेल.

तेव्हा व्यापारी मंडळींनो, पुढच्या बैठकीत पार्किंगच्या आणि कचऱ्याच्या प्रश्नाबरोबर धक्क्याचाही विषय घ्या. आणि त्या बैठकीला व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाला बोलवा. कुठे अडतं, ते त्यांनाच ठाऊक असतं. धक्का तुमचा नसेलही; त्यावरून येणारी माणसं मात्र तुमच्याकडेच येत असतात.