सूनबाईंचे पान आधी वाढा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंदूर येथे भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



 आम्ही दवाखान्याकडील भगिनींनी विषय निवडला आहे तो आमच्या खोलीतल्या वजनकाट्याचा. गरोदर भगिनी तपासणीस आली म्हणजे आम्ही प्रथम तिला काट्यावर उभी करतो आणि आकडा तिच्या कार्डावर लिहितो. हा आकडा किती वाढावा, कशाने वाढावा आणि तो वाढणे कोणाच्या हाती असते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आपल्या घरांतून याविषयी दोन मते ऐकू येतात. एक आजी म्हणतात, "आता दोन जिवांचे खायचे." दुसऱ्या म्हणतात, "बेताने खा, मूल मोठे झाले तर अडेल." दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात, पण दोन्ही फसवे आहेत.

प्रथम वाढलेले वजन जाते कोठे ते पाहू. साडेबारा किलो वाढले असे धरले, तर त्यांत बाळाचे सव्वातीन ते साडेतीन किलो असतात. वार, गर्भजल आणि वाढलेले गर्भाशय मिळून सुमारे अडीच किलो होतात. आईचे वाढलेले रक्त व अंगातील पाणी यांचे जवळजवळ तीन किलो, स्तनांचे पाव ते अर्धा किलो आणि उरलेली सुमारे तीन किलो चरबी. ही चरबी म्हणजे अंगावर पाजण्याच्या दिवसांसाठी निसर्गाने भरून ठेवलेली कोठीच होय.

मात्र सर्वांना एकच माप लागू नाही. अमेरिकेतील वैद्यक संस्थेने २००९ साली ठरविलेले माप आज पुष्कळ ठिकाणी वापरतात. त्याप्रमाणे पाच फूट उंचीच्या तीन सुना घ्या. दिवस राहण्यापूर्वी एकीचे वजन ४२ किलो, म्हणजे ती कृश. तिचे साडेबारा ते अठरा किलो वाढावे. दुसरीचे ५० किलो, म्हणजे ती मध्यम. तिचे साडेअकरा ते सोळा वाढावे. तिसरीचे ६२ किलो, म्हणजे ती स्थूल. तिला सात ते साडेअकरा पुरतात. आपल्याकडे डॉक्टर सर्वसाधारणपणे दहा ते बारा किलो सांगतात. तुमच्या अंगकाठीप्रमाणे तुमचा आकडा त्यांनाच विचारावा. पहिल्या तीन महिन्यांत वजन फारसे वाढत नाही. पुढे मध्यम बांध्याच्या स्त्रीचे आठवड्याला सुमारे ४०० ग्रॅम वाढत जावे.

वजन कमी वाढले तर बाळ अडीच किलोच्या आत भरण्याचा किंवा दिवस भरण्यापूर्वीच बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. असे मूल जन्मतःच अशक्त. मग सुटका सुलभ झाल्याचे समाधान किती दिवस टिकणार? उलट वजन बेसुमार वाढले तर रक्तदाब, मधुमेह आणि शस्त्रक्रियेने बाळंतपण यांची शक्यता वाढते. म्हणून साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान जरूर करावी. परंतु स्थूल भगिनींनीही या दिवसांत वजन उतरविण्यासाठी उपास धरू नये. आणखी एक खूण ध्यानात ठेवा. आठवड्यात एकदम किलोभर वजन वाढले, तोंडाहातांवर सूज आली, डोके दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती अन्नाची पुष्टी नव्हे. त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यावा.

आता ताटाकडे वळू. जादा अन्न लागते ते दिवसाला सुमारे ३५० कॅलरी, म्हणजे साधारणपणे एक भाकरी, वाटीभर वरण आणि पेलाभर दूध. दोन जिवांचे म्हणतात ते एवढेच! आपल्या माळव्यातले बाफले आणि जिलबी यांनी काटा हलेल, पण बाळाला हवे ते मिळेलच असे नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आहार तपासला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे दिसले की, ज्या आयांच्या खाण्यात दूध, पालेभाज्या आणि फळे अधिक होती त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. तेव्हा मेथी, शेपू, राजगिरा, मोडाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, पेरू आणि केळे यांना मान द्या. लोहाची गोळी रोज घ्यावी, पण चहाबरोबर वा दुधाबरोबर नको.

हे सारे आम्ही पूर्वीपासून सांगत आलो. तरीही आमच्या हातून एक चूक झाली, ती येथे कबूल करतो. एक मुलगी पाचव्या महिन्यापासून येत होती. लागोपाठ दोन महिने तिचा काटा जागचा हलला नाही. दोन्ही वेळा आम्ही तिला "चांगले खात जा" असे बजावले आणि कार्ड हातात दिले. तिसऱ्या खेपेस ती हळूच म्हणाली, "मी बसते तेव्हा भाजी संपलेली असते." आम्ही खाली पाहिले. ती काय खाते हे आम्ही विचारले होते. ती केव्हा बसते हे कधी विचारलेच नव्हते.

तिच्या सासूबाईंना बोलावून घेतले. त्या दुष्ट नव्हत्या हो! त्या स्वतः चाळीस वर्षे सर्वांच्या मागून जेवत आल्या होत्या आणि त्यांत काही वावगे आहे असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. क्षणभर गप्प राहून त्या म्हणाल्या, "माझी पहिली मुलगी फार लहानखुरी झाली होती. राहिली नाही." त्या दिवसापासून सूनबाईंचे पान त्या स्वतः आधी वाढू लागल्या. काटा हलला. बाळ दोन किलो ८०० ग्रॅमचे झाले. हे केवळ पानाने घडले असे आम्ही म्हणणार नाही. पण पान रिकामे ठेवून ते घडले नसते, एवढे खरे.

म्हणून भगिनींनो, वजनाचा आकडा सुनेच्या कार्डावर लिहिला जात असला, तरी तो साऱ्या घराचा असतो. डोहाळजेवण आपण हौसेने करतो, हिरवी साडी नेसवतो, फुलांची वाडी भरतो, ते जरूर करावे. पण ते एका दिवसाचे. बाळ वाढते ते रोजच्या जेवणावर. बंधूंनो, उद्या पानावर बसण्यापूर्वी स्वयंपाकघरात डोकावून "तिचे झाले का?" एवढे विचारा. आणि पुढच्या तपासणीला तिच्याबरोबर या. काट्यापाशी उभे राहण्यास पुरुषांना मनाई नाही.